डिझेल ट्रकचा हवेचा रस्ता: फिल्टरपासून सायलेन्सरपर्यंत ॲव्हरेज कुठे सांडतं

एक लिटर डिझेल जाळायला भरलेल्या ट्रकच्या इंजिनाला साधारण १८ हजार लिटर हवा लागते. हिशेब सोपा आहे. एक लिटर डिझेलचं वजन सुमारे ८३० ग्रॅम. लोडवर चालणारं डिझेल इंजिन किलोभर इंधनामागे २५ किलोच्या आसपास हवा घेतं, म्हणजे लिटरमागे जवळपास २१ किलो. आपल्याकडच्या उन्हात एक घनमीटर हवेचं वजन १.१५ किलोच्या आसपास भरतं. भागाकार केला की १८ घनमीटर. लिटरला चार किलोमीटर देणारी दहा चाकी गाडी ताशी ४० ने चालली तर मिनिटाला तीन हजार लिटर हवा ओढते आणि तापवून, फुगवून मागच्या पाइपातून बाहेर टाकते.

त्यामुळे ‘हवेचा रस्ता मोकळा केला की ॲव्हरेज वाढतं’ हे म्हणणं वेडगळ नाही. वाद आहे तो किती वाढतं याचा. गॅरेजमध्ये दहा टक्क्यांचा आकडा बिनधास्त फेकला जातो, आणि यूट्यूबवर अमेरिकन पिकअप ट्रकला चकचकीत फिल्टर आणि मनगटापेक्षा जाड सायलेन्सर बसवणारे त्याहून पुढे जातात. तो पिकअप बहुतेक वेळा रिकामा फिरत असतो आणि मालकाला आवाज व पळ हवी असते. आपल्याकडे मालकाला हवं असतं ते महिन्याच्या शेवटी डिझेलच्या खात्यात उरणारे पैसे.

महिन्याला आठ हजार किलोमीटर आणि चारचं ॲव्हरेज धरलं तर दोन हजार लिटर डिझेल जळतं. लिटरला ९० रुपये धरले की १ लाख ८० हजार. यात एक टक्का म्हणजे १८०० रुपये. पुढे कुठेही ‘एक टक्का’ आला की हा आकडा आठवा. ना फार मोठा, ना सोडून देण्यासारखा.

पेट्रोलचं गणित डिझेलला लागू नाही

पेट्रोल इंजिनात ॲक्सिलरेटर दाबला की हवेची झडप उघडते. हलक्या पायाने गाडी चालते तेव्हा ही झडप जवळपास मिटलेली असते आणि इंजिन स्वतःच तयार केलेल्या त्या अडथळ्यातून हवा खेचत बसतं. अशा ठिकाणी फिल्टर थोडा चोंदला तरी झडप थोडी जास्त उघडून काम भागतं. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये नव्या धाटणीच्या पेट्रोल गाड्यांवर हे तपासलं, तेव्हा चोंदलेल्या फिल्टरने इंधनाच्या खपात लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही. पळ मात्र घटली.

डिझेलमध्ये ताकद कमीजास्त करायला हवा अडवत नाहीत, डिझेलची मात्रा बदलतात. हवा जेवढी येईल तेवढी आत येते. बीएस-६ (२०२० पासूनच्या धूर-मानकांच्या) गाड्यांत हवेच्या तोंडाशी एक झडप असते खरी, पण ती धूर-नियंत्रणाच्या कामासाठी. म्हणजे पेट्रोल गाडीत जो मोठा तोटा हवा अडवण्यात होतो, तो डिझेलमध्ये मुळातच नाही. जो अडथळा नाहीच, तो काढून बचत कुठून येणार?

उरतो तो फिल्टरचा आणि पाइपांचा अडथळा. तो मोजता येतो. जड गाड्यांत फिल्टर बदलण्याची मर्यादा साधारण ६३५ मिलिमीटर पाण्याच्या दाबाएवढी धरतात. फिल्टरच्या डब्यावरचा छोटा दर्शक त्या सुमारास लाल होतो. नव्या फिल्टरचा आणि पाइपांचा मिळून अडथळा १०० ते २५० मिलिमीटर. वातावरणाचा दाब दहा मीटर पाण्याएवढा, म्हणजे साधारण एक बार असतो, त्यामुळे अगदी लाल झालेला फिल्टरसुद्धा ०.०६ बारच खातो. लोडवर चालताना सिलिंडरमध्ये काम करणारा सरासरी दाब आठ-दहा बार. भागून बघा: पाऊण टक्क्याच्या आत. टर्बोमुळे आकडा थोडा इकडेतिकडे होईल आणि चढावर पूर्ण लोडला तो वाढेल, पण चोंदलेला फिल्टर काढून नवा टाकल्याने सपाटीवर मिळतो तो फायदा एक टक्क्याच्या आसपासचाच.

मग कंपनीचा नवा कागदी फिल्टर काढून महागडा ‘परफॉर्मन्स’ फिल्टर टाकला तर? वाचले तर ५०-१०० मिलिमीटर. म्हणजे टक्क्याचा दहावा भाग, वर दिलेल्या हिशेबाने महिन्याला १८० रुपये.

थंड हवेच्या किटचंही तसंच. कारमध्ये बॉनेटखालची गरम हवा टाळायला बाहेरून हवा आणणं समजू शकतं. ट्रकला हे कंपनीनेच करून दिलेलं असतं. केबिनच्या मागे उंचावर नेलेला तो काळा पाइप त्याचसाठी आहे. तिथे हवा गार असते आणि चाकांनी उडवलेली धूळही कमी.

फिल्टरचं खरं काम धूळ अडवणं

आपल्याकडे हवेच्या रस्त्याची चर्चा ॲव्हरेजवरून सुरू होते आणि धूळ विसरली जाते. चंद्रपूर-वणीच्या कोळशाच्या वाहतुकीत, खडी क्रशरच्या रस्त्यावर किंवा उसाच्या हंगामात कच्च्या वाटेवर चालणारी गाडी मिनिटाला ती तीन हजार लिटर हवा धुळीसकट ओढत असते. धुळीत वाळूचे कण असतात आणि ते पिस्टनच्या रिंगांपेक्षा कठीण असतात. फिल्टरमधून सटकलेली चिमूटभर धूळ आधी टर्बोच्या पात्यांच्या कडा झिजवते, मग लायनर (सिलिंडरचं आतलं अस्तर) आणि रिंग. काँप्रेशन गेलं की इंजिन ऑइल पितं, आणि ते ॲव्हरेज नव्या फिल्टरने परत येत नाही. इंजिन खोलावं लागतं.

‘हवा मोकळी सोडणारा’ फिल्टर ती मोकळीक बऱ्याचदा मोठ्या छिद्रांतून मिळवतो. चांगला कागदी फिल्टर धुळीचा ९९ टक्क्यांहून बराच जास्त भाग पकडतो. गंमत म्हणजे अगदी कोऱ्या फिल्टरपेक्षा थोडा वापरलेला फिल्टर धूळ जास्त चांगली अडवतो, कारण कागदावर बसलेला धुळीचा थर स्वतःच गाळणीचं काम करतो. दर्शक लाल नसताना रोज फिल्टर काढून झटकणं म्हणूनच उलटं पडतं.

त्याहून वाईट सवय म्हणजे काँप्रेसरने हवा मारणं. पंक्चरच्या दुकानातल्या दाबाने, नळी कागदाला टेकवून हवा मारली की कागदाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं पडतात. फिल्टर स्वच्छ दिसतो, दर्शक हिरवा राहतो, सगळे खूश. धूळ सरळ आत. मॅन्युअल परवानगी देत असेल तर हवा आतून बाहेर, कमी दाबाने आणि लांबून मारावी. आणि आतला छोटा सेफ्टी फिल्टर कधीच साफ करू नये, तो फक्त बदलायचा. फिल्टर डब्यात बसवताना रबराच्या कडेखाली काडीकचरा राहिला तर कितीही भारी फिल्टर असो, हवा त्या फटीतून जाणार.

टर्बोनंतरची गळती

आता खरोखर पैसे खाणारी जागा. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये टर्बोच्या कल्पनेचं पेटंट घेतलं. कल्पना अशी की बाहेर जाणाऱ्या गरम वायूंनी एक चक्र फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने ताजी हवा दाबून इंजिनात कोंबायची. डिझेलमधल्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा सायलेन्सरमधून जातो. टर्बो त्यातलं थोडं परत मिळवतो. दाबलेली हवा तापते, शंभर-दीडशे अंशांच्या घरात जाते, म्हणून ती रेडिएटरच्या पुढच्या इंटरकुलरमधून गार करून मग इंजिनात जाते.

टर्बोपासून इंटरकुलर आणि तिथून इंजिनापर्यंत रबरी होज पाइप असतात, क्लिपांनी आवळलेले. हे होज उष्णतेने कडक होतात, क्लिपा सैल होतात, इंटरकुलरच्या कडेला चीर जाते. हवा इथून बाहेर फुसफुसते. टर्बोने मेहनत करून दाबलेली हवा फुकट गेली. सिलिंडरला हवा कमी पडली की जुन्या पंपाच्या गाडीत डिझेल तेवढंच पडतं आणि अर्धवट जळून काळा धूर होतो. कॉमन रेलच्या गाडीत कॉम्प्युटर डिझेल कमी करतो, मग धूर कमी दिसतो पण गाडी ओढत नाही. ड्रायव्हर पाय खोल दाबतो, एक गिअर खाली घेतो, घाटात इंजिन ओरडत चढतं. तक्रार येते ती ‘पिकअप गेलं, ॲव्हरेज पडलं’ अशी, आणि उपाय म्हणून पंप-नोझल खोलायला घेतात.

ही गळती शोधायला फार काही लागत नाही. होजच्या जोडावर तेलकट काळा डाग दिसतो का बघा. तिथून हवा निसटत असते. लोडवर शिट्टीसारखा किंवा ‘फुस्स’ असा नवा आवाज येतो का ऐका. चांगल्या गॅरेजमध्ये इंटरकुलरच्या पाइपांची तोंडं बंद करून आत थोडी हवा भरतात आणि साबणाचं पाणी लावतात. बुडबुडे आले की जागा सापडली. क्लिप आणि होज बदलण्याचा खर्च कुठल्याही ‘किट’च्या मानाने किरकोळ असतो. मला विचाराल तर ॲव्हरेज पडलेल्या गाडीत पंपाला हात लावण्याआधी हे व्हायला हवं. इंटरकुलरच्या बाहेरून जाळीत अडकलेला चिखल, किडे आणि उसाची पाचटही त्याच वेळी धुऊन काढावी.

सायलेन्सर: किती मोकळा?

‘डिझेलला थोडा बॅक प्रेशर (मागच्या पाइपातला दाब) लागतोच’ असं अनेक फिटर सांगतात. टर्बो असलेल्या डिझेल इंजिनाला टर्बोनंतरच्या पाइपात जितका कमी दाब तितकं बरं. टर्बोचं चक्र दोन बाजूंच्या दाबातल्या फरकावर फिरतं. ईजीआर (जळका वायू परत इंजिनात सोडणारी व्यवस्था) असलेल्या इंजिनात टर्बोच्या अलीकडे दाब लागतो, कारण त्याशिवाय जळका वायू परत आत जाणार नाही. पण त्याची सोय इंजिन बनवतानाच केलेली असते, सायलेन्सरच्या भरवशावर नाही.

तर मग सायलेन्सर उडवून सरळ नळी लावली तर? पुन्हा हिशेब. पूर्ण ताकदीला सायलेन्सरचा अडथळा ०.०५ ते ०.१ बार. पाइपातला अडथळा वाहत्या वायूच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. वायू निम्मा झाला की अडथळा चौथा हिस्सा राहतो. सपाट रस्त्यावर इंजिन पूर्ण ताकदीच्या कितीतरी खाली चालतं. म्हणजे ट्रिपमधल्या बहुतेक किलोमीटरना या बदलाची कमाई अर्ध्या टक्क्याच्याही आत. बदल्यात मिळतो तो आवाज, आणि हिशेबात येत नसलेली चलानं.

जाड पाइप घालण्यापेक्षा आहे तो पाइप कंपनीने दिला तसा आहे का, हे बघणं जास्त कामाचं. दगडाने चेपलेला पाइप सापडतो. आतले पडदे सुटून आडवे पडलेला सायलेन्सर सापडतो. हलवला की खडखडतो. आणि सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे एक्झॉस्ट ब्रेकची फडफडी. घाटात उतरताना जी झडप पाइप बंद करते, ती काजळीने अर्धवट मिटलेली अडकली तर गाडी दिवसभर ब्रेक दाबून चालल्यासारखी चालते. गाडी बंद असताना हाताने हलवून बघायला दोन मिनिटं लागतात.

बीएस-६ गाडीत मागचा पाइप म्हणजे छोटा कारखाना

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं आणि सायलेन्सरच्या जागी एक मोठी पेटी आली. पहिल्या टप्प्यात अर्धवट जळलेले वायू जळतात, मग डीपीएफ नावाच्या गाळणीत काजळी अडते, शेवटी युरियाच्या द्रावणाने नायट्रोजनचे ऑक्साइड निवळतात. गॅरेजमध्ये आता सर्वांत जास्त विकलं जाणारं ‘अपग्रेड’ म्हणजे ही पेटी आतून रिकामी करणं आणि कॉम्प्युटरला गप्प बसवणं. युरियाचा खर्च वाचतो, लाइट येत नाही, ॲव्हरेज वाढतं असं सांगतात.

यात खऱ्याचा अंश आहे, म्हणून तर तो धंदा चालतो. डीपीएफ भरत आला की अडथळा वाढतो आणि जमलेली काजळी जाळण्यासाठी गाडी जादा डिझेल वापरून पेटी ६०० अंशांच्या आसपास तापवते. हे वारंवार होत असेल तर ॲव्हरेज नक्की पडतं. पण वारंवार का होतं, तर इंजिन जास्त काजळी करतं म्हणून. आणि जास्त काजळी का, तर बऱ्याचदा वर सांगितलेल्या सैल होजमुळे, चोंदलेल्या फिल्टरमुळे, ऑइल खाणाऱ्या टर्बोमुळे किंवा तासन्‌तास उभी ठेवून इंजिन चालू राहिल्याने. डीपीएफ हा शेवटचा डबा. आधीच्या सगळ्यांची घाण त्याच्यात येऊन दिसते. चुकीचं इंजिन ऑइल टाकलं तर त्याची राख डीपीएफमध्ये साठते आणि ती कितीही तापवली तरी जळत नाही, पेटी काढून साफ करावी लागते. मॅन्युअलमध्ये कमी राखेचं ऑइल लिहिलेलं असतं ते यासाठी.

युरियाबद्दलही एक गोष्ट उलटी समजली जाते. इंजिन जास्त गरम आणि कसदार जळू दिलं की डिझेल कमी लागतं, पण नायट्रोजनचे ऑक्साइड वाढतात. मागे युरियाची व्यवस्था असल्यामुळेच कंपनीला इंजिन तसं कसदार लावता येतं. युरियावर जो खर्च होतो त्याचा एक भाग डिझेलमध्ये आधीच वाचलेला असतो.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि प्रदूषणाच्या मानकांसाठी कलम १९०(२) मध्ये पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंडाची, तीन महिन्यांपर्यंत कैदेची किंवा दोन्हींची तरतूद आहे. अमेरिकेत हा प्रकार किती फोफावला याचा अंदाज तिथल्या पर्यावरण संस्थेने २०२० मध्ये दिला: दशकभरात साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपमधून धूर-नियंत्रण काढलेलं. आपल्याकडे तर तो काळा धूर मागच्या रिक्षात बसलेल्याच्या थेट तोंडावर येतो.

बाकीचं डिझेल कुठे जातं

खोपोलीहून खंडाळ्याचा घाट चढून लोणावळ्याला येताना गाडी सुमारे साडेपाचशे मीटर वर येते. २८.५ टनांची भरलेली दहा चाकी नुसती उचलून वर ठेवायलाच दहा-अकरा लिटर डिझेल लागतं, इंजिन ४० टक्के कार्यक्षम धरलं तरी. त्यावर दोन टन जादा माल घातला की आणखी पाऊण लिटर. वेग ६० वरून ८० वर नेला की प्रत्येक किलोमीटरला वाऱ्याशी झगडण्यात जाणारी ऊर्जा पावणेदोन पट होते. धाब्यावर चालू ठेवलेलं इंजिन आकारानुसार तासाला एक ते तीन लिटर पितं. टायरमधली हवा तर प्रत्येकाला माहीत आहे, आणि आठवड्यातून एकदा गेज लावून बघणारे थोडे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २००४ मध्ये मालवाहतुकीसाठी स्मार्टवे नावाचा उपक्रम सुरू केला. त्यात इंधन वाचवण्यासाठी तपासून मान्य केलेल्या गोष्टी मुख्यतः टायर, वाऱ्याचा अडथळा कमी करणारे पत्रे आणि उभं असताना इंजिन बंद ठेवण्याची साधनं अशा आहेत. इंधन वाचवण्याचा दावा करणारी शंभराहून अधिक उपकरणंही त्याच संस्थेने वर्षानुवर्षं तपासली. मायलेज लक्षणीय वाढवणारं एकही सापडलं नाही.

फरक पडला की नाही हे कसं ओळखाल

एका ट्रिपवरून कधीच नाही. माल, वारा, ट्रॅफिक, ड्रायव्हर आणि पंपावर टाकी कुठवर भरली एवढ्याने एका फेरीचं ॲव्हरेज सहज पाच टक्के इकडेतिकडे होतं. एक टक्क्याचा बदल त्यात दिसणार कसा? फिल्टर विकणारा बदल केल्यावरची चांगली फेरी दाखवतो आणि आधीची वाईट, इतकंच. शिवाय नवीन काही बसवलं की मालकाचं लक्ष आहे हे ड्रायव्हरला कळतं आणि पुढचे आठ दिवस तोही जपून चालवतो.

दुरुस्ती किंवा बदल करण्याआधीचे दोन महिने आणि नंतरचे दोन महिने, त्याच मार्गाच्या फेऱ्या घ्या. टाकी दरवेळी त्याच पंपावर, गाडी सपाट जागी उभी करून, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत. वहीत किलोमीटर, लिटर आणि काट्यावरचं वजन लिहा. वजन लिहिलं नाही तर बाकीच्या दोन आकड्यांना अर्थ नाही. एकाच मालकाच्या दोन सारख्या गाड्या असतील तर बदल एकीतच करा आणि दोन्ही वह्या शेजारी ठेवा. पावसाळा आला, डिझेल बदललं, रस्ता खराब झाला तर दोन्ही गाड्यांचं ॲव्हरेज सारखंच पडेल आणि बदलाचा हिशेब वेगळा काढता येईल. फिल्टरचा दर्शक कुठवर आला आहे आणि होजच्या जोडावर तेलाचा डाग आहे का, हे त्याच वहीत महिन्यातून एकदा लिहिलं तर पुढच्या वेळी ॲव्हरेज पडेल तेव्हा कुठून शोधायला लागायचं ते फिटरला विचारावं लागणार नाही.